साठीनंतर ट्रायल्स: मामांची गाडी कशी ठरली आणि वर्षभरात काय काय झालं

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामा पडवीत झोपाळ्यावर बसून मोबाईलवर एकच व्हिडिओ परत परत बघत होते. स्पेनचा टोनी बोऊ, २००७ पासून दरवर्षी ट्रायल्स या मोटरसायकलच्या खेळाचा जगज्जेता, माणसापेक्षा उंच दगडावर गाडी चढवतो तो. मला वाटलं मामा त्या उड्या बघतायत, पण ते बघत होते त्याचे पाय. "हा पाय टेकत नाय रे कुठे," म्हणाले, "एवढा हळू जातो तरी पाय टेकत नाय. मला हे शिकायचंय. दगडबिगड नको, आपल्या जागेत, हळूहळू, पाय न टेकता."

हे सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवतोय, कारण त्या वेळी या वयाच्या नवशिक्याने गाडी कोणती घ्यावी हे मी बरंच शोधलं आणि जे सापडलं ते सगळं पंचविशीतल्या पोरांसाठी होतं.

आधी मामांबद्दल. वय ६१, उंची ५ फूट ३ इंच, वजन ५८ किलो, बीपीची एक गोळी चालू, डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. राजापूर तालुक्यात घर, घरामागे हापूसची शंभरेक कलमं, त्याच्या वर उतारावर काजू, आणि सगळ्यात वर उघडा कातळसडा. नोकरी पोस्टात झाली, तीस वर्षं टपाल वाटलं, सायकलवर, आणि जिथे सायकल जात नाही तिथे पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढून पायी. गाडी म्हणाल तर आधी मोपेड, मग बिनगिअरची स्कूटर. हाताचा क्लच आयुष्यात कधी धरलेला नाही. सायकल आणि क्लच या दोन गोष्टींनी पुढचं सगळं ठरवलं, पण तेव्हा मला फक्त क्लचचीच काळजी वाटत होती, सायकलचा विचारही डोक्यात आला नव्हता.

ट्रायल्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण त्याला मोटोक्रॉस, म्हणजे मातीतली रेस, समजतात. यात रेस नसते. दगड, ओढा, चिखल, झाडांची मुळं असा एक छोटा तुकडा खुणा लावून आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात, आणि तो पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर ३, पडलात किंवा खुणेबाहेर गेलात तर ५. ज्याचे गुण कमी तो पुढे. एकही पाय न टेकता पार केलं की शून्य, त्याला क्लीन म्हणतात. त्यासाठीच्या खऱ्या गाड्या ६५ ते ७५ किलोच्या असतात, बसायला सीट जवळजवळ नसतेच कारण सगळं उभ्याने करायचं असतं, टाकी दोन-तीन लिटरची, हँडल इतकं वळतं की गाडी स्वतःच्या लांबीएवढ्या जागेत फिरते. माँटेसा, बेटा, शेर्को, गॅसगॅस ही त्यातली नावं. आपल्याकडे मात्र कोपऱ्यावरच्या शोरूममधे जाऊन अशी गाडी घेऊन येता येत नाही, आणि मामांचं प्रकरण खरं तिथूनच सुरू झालं.

पहिला विचार साहजिकच माझ्या गाडीचा आला. माझ्याकडे हिरोची एक्सपल्स २०० आहे, २०१९ ला आलेलं मॉडेल, १५४ किलो वजन, ८२३ मिमी सीटची उंची. मला ती फार आवडते, तिच्यावर मी सगळे घाट फिरलोय, म्हणून मी म्हटलं मामा आधी हिच्यावर बसून बघा. मामा बसले तर एकाच पायाचं बोट कसंबसं जमिनीला लागत होतं. खळ्यात दोन फेऱ्या बऱ्या झाल्या आणि तिसऱ्या वळणावर, वेग चालण्याएवढासुद्धा नसेल, गाडी उताराच्या बाजूला कलली, मामांनी पाय टाकला तर तिथे जमीन नव्हती, आणि गाडी आडवी. मामांना काही लागलं नाही पण मी धावलो तर हात करून म्हणाले थांब, मी उचलतो. तीन वेळा जोर लावला. चौथ्यांदा मीच जाऊन धरली. मामा काही बोलले नाहीत, विहिरीवर जाऊन तोंड धुवून आले. तो चेहरा बघून मला कळलं की आपण सीसी, टायर, सस्पेन्शन वगैरे बोलत बसलोय पण या माणसासाठी पहिला प्रश्न एकच आहे, पडलेली गाडी त्याला एकट्याला उचलता येते का. नवशिक्या पडणारच, एका सकाळी पाच वेळा सहज पडतो, आणि दर वेळी दुसऱ्या कोणाची वाट बघायची असेल तर माणूस दोन आठवड्यात सोडून देतो. पाठीत उसण भरली तर त्याच्याही आधी.

म्हणून आम्ही एक परीक्षा ठरवली, आणि कोणी विचारलं तर आजही मी तीच सांगतो. गाडी जमिनीवर आडवी करायची, थोड्या उतारावर, आणि ज्याला चालवायचीय त्याने एकट्याने ती तीनदा उचलायची, मधे फार न थांबता. तिसऱ्या वेळी श्वास जागेवर राहिला तर ती गाडी आपली.

दुसरा पर्याय कावासाकीची केएलएक्स ११०. वजन ७६ किलो, सीट बुटकी, ट्रॅकवर चालवायची म्हणून इथे विकली गेलेली. उचलायच्या परीक्षेत ही आरामात पास. पण तिला क्लचचा लिव्हरच नाही, क्लच आपोआप लागतो, आणि ट्रायल्सचं अर्ध शिक्षण डाव्या हाताच्या एका बोटात असतं. दुसरं म्हणजे चाकं पुढे १४ आणि मागे १२ इंची, लहान, आपल्या जांभ्यात ज्या घळी आणि भोकं असतात त्यात लहान चाक अडकतं, मोठं चाक वरून निघून जातं. किंमतही तेव्हा नवी गाडी तीन लाखाच्या आसपास होती. मामा म्हणाले एवढ्यात बागेला कुंपण होईल. सोडून दिलं.

तिसरा पर्याय खऱ्या ट्रायल्स गाडीचा, आणि त्याने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलंही आणि दुखवलंही. पुण्याच्या बाजूला एकाकडे बाहेरून आणलेली १२५ सीसी टू-स्ट्रोक विकायला आहे असं कळलं. मामांना घेऊन गेलो. त्यांनी दहा मिनिटं चालवली, चालवली म्हणजे क्लच सोडता सोडता चार वेळा बंद पडली आणि पाचव्यांदा मैदानात एक मोठा गोल झाला, पण उतरले तेव्हा डोळे वेगळे होते. "ही सायकलच आहे रे," म्हणाले. ती ६८ किलोची गाडी त्यांनी आडवी करून एका हाताने सीटच्या जागी आणि एका हाताने हँडलला धरून सहज उभी केली. आम्ही दहा हजार टोकन दिलं आणि कस्टम्सचे कागद मागितले. कागद आज देतो, उद्या देतो, एजंटकडे आहेत, असं दीड महिना चाललं, शेवटी फोन उचलणं बंद. दहा हजार गेले. मामांच्या पेन्शनमधले गेले आणि घेऊन मी गेलो होतो, हे मला अजून लागून राहिलंय. बाहेरून आलेली कुठलीही गाडी घेताना आयातीचे कागद हातात घेऊन वाचल्याशिवाय एक रुपया देऊ नका, गाडी फक्त आपल्या जमिनीत चालवायची असली तरीसुद्धा.

त्या दहा मिनिटांचा फायदा मात्र मोठा झाला. नक्की काय पाहिजे ते कळलं. हलकी, बुटकी, हळू चालणारी, क्लच हलका, चाकं मोठी. घरी येताना गाडीत मी मामांना सॅमी मिलरची गोष्ट सांगत होतो. हा जुना ट्रायल्सवाला एरियल कंपनीच्या ५०० सीसी फोर-स्ट्रोकवर अनेक वर्षं जिंकत होता, आणि १९६४ च्या शेवटी तो स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला, २५० सीसीच्या घरातली हलकी टू-स्ट्रोक शेर्पा तयार केली, आणि १९६५ ला तिच्यावर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकला. त्यानंतर या खेळात जड गाड्यांचा जमाना संपला. मामा ऐकत होते, मग म्हणाले, "म्हणजे त्याने पण आधी वजनच कमी केलं. मग आपल्या शेजारच्याची ती जुनी शंभर सीसी घेऊन तिचं वजन आपण का कमी करू नये?"

हा विचार माझा नव्हता, मामांचा होता, हे मुद्दाम सांगतो.

शेजाऱ्यांकडे वीस वर्षं जुनी १०० सीसी फोर-स्ट्रोक मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, पडून होती, १४ हजारात मिळाली. आधी आरटीओत अर्ज करून तिची नोंदणी रद्द करून घेतली, कारण असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही आणि तिला रस्त्यावर न्यायचंच नव्हतं. आजही ती घराच्या हद्दीबाहेर गेली तर छोटा हत्तीमधे बांधून जाते. मग एक रविवार सीट, साईड पॅनल, लेगगार्ड, साडीगार्ड, इंडिकेटर, हेडलाईट, मीटर, बॅटरी, मधला स्टँड, मागचं कॅरिअर असं एकेक उतरवत गेलो. तिचं इग्निशन मॅग्नेटोवरच, म्हणजे इंजिन फिरताना तयार होणाऱ्या विजेवरच, चालतं म्हणून बॅटरी काढून चाललं, प्रत्येक गाडीत तसं चालेलच असं नाही, आधी बघून घ्या. मोठ्या टाकीच्या जागी एक छोटी टाकी बसवली. काजूच्या काट्यावर वजन केलं, सुरुवातीला १०९ किलो होती ती ८८ वर आली. मामांनी खळ्यात आडवी करून तीनदा उचलली. तिसऱ्या वेळी उचलून तशीच धरून उभे राहिले आणि मामीला हाक मारली, बघ म्हणून.

बाकी कामं राजापुरातल्या एका गॅरेजमधे आणि लेथवर झाली. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, १४ दातांचं होतं ते १३ चं केलं, मागचं ४२ चं होतं तिथे ५० चं कापून घेतलं. गणित सोपं आहे, आधी पुढचं तीन वेळा फिरलं की मागचं एकदा फिरायचं, आता जवळजवळ पावणेचार-चार वेळा फिरावं लागतं, म्हणजे त्याच इंजिनच्या फेऱ्यांना गाडी साधारण २२ टक्के हळू चालते. पहिल्या गिअरमधे क्लच पूर्ण सोडून माणसाच्या चालीने जाता यायला लागलं, नवशिक्याला यापेक्षा मोठी मदत कुठली नाही. फूटरेस्ट दोन इंच मागे घेऊन रुंद, दातेरी केले. हँडल रुंद आणि उंच. इंजिनखाली जाड पत्रा. मागचे शॉक थोडे लांब. क्लचची केबल नवीन टाकून, ग्रीस नाही, तेल सोडून इतकी हलकी केली की दोन बोटात येते. मागच्या स्प्रॉकेटला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं कव्हर, याच्यात कंजूषी अजिबात करू नये, उभी चालू गाडी साफ करताना किंवा ढकलताना चेन आणि स्प्रॉकेटमधे बोट गेलं तर बोट राहत नाही. गाडी धरून एकूण खर्च ३६ हजार झाला.

टायरचा हवेचा घोळ मात्र माझा झाला. खऱ्या ट्रायल्स गाडीत मागे चार-पाच पीएसआय हवा असते, पुढे पाच-सहा, टायर दगडावर चपटा होऊन दगडाला धरतो. मी तेच वाचून आमच्या गाडीत मागे ६ ठेवली. पण त्या गाड्यांचं मागचं टायर ट्यूबलेस असतं, आमच्यात ट्यूब. कमी हवेत टायर रिमवर सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व मुळापासून फाटतो. दोन दिवसात दोन ट्यूब गेल्या. मग टायर जागेवर धरणारा रिम लॉक बसवला आणि हवा मागे १०, पुढे ११ वर आणून थांबलो. तेवढं पुरतं.

आता शिकणं. जानेवारीत गाडी तयार झाली तेव्हा कलमांना मोहर होता, फवारण्या चालू होत्या, म्हणून बागेत गाडी न्यायची नाही हे मामीने पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि तिचं बरोबरच होतं, मोहर नसतानाही झाडाच्या आळ्यातून गाडी फिरवली की माती दाबली जाते आणि वरवरच्या मुळांना त्रास होतो. मग जागा सापडली ती भाताचे मळे. भात कापून मोकळे झालेले, सुकलेले, सपाट, पडलं तरी माती, आणि दोन मळ्यांच्या मधे वीतभर उंचीचे बांध. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगलं मैदान पैसे देऊन मिळणार नाही, आणि कोकणात ते जवळजवळ प्रत्येकाच्या घराखाली असतं.

पहिले दहा दिवस इंजिन चालूच केलं नाही. मामा फूटरेस्टवर उभे, मी पुढचं चाक धरून, गाडी जागेवर. गुडघे थोडे वाकलेले, कोपरं बाहेर, नजर चाकावर न ठेवता दोन-तीन गाडीच्या अंतरावर. हळूहळू मी हात सोडायचा. आणि इथे ती सायकल कामाला आली. टपाल वाटताना कुणाच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, थांबायचं, पत्र द्यायचं, पाय न टेकता परत निघायचं हे त्यांनी तीस वर्षं केलंय. पाचव्या दिवशी मामा हँडल एका बाजूला वळवून, पुढचा ब्रेक धरून, आठ सेकंद जागेवर उभे होते. मला आजही चार सेकंदाच्या पुढे नीट जमत नाही.

क्लचला मात्र महिना लागला. स्कूटरवाल्या माणसाचा डावा हात म्हणजे ब्रेक, घाबरले की डावा हात पूर्ण आवळायचा, इथे तसं केलं की क्लच दाबला जातो आणि गाडी उतारावर मोकळी सुटते. हे बदलायला उपाय एकच सापडला, डावं एकच बोट लिव्हरवर, बाकी तीन ग्रिपवर, आणि थ्रॉटल थोडासा एकाच जागी धरून, मागचा ब्रेक पायाने हलका लावून ठेवून, वेग फक्त त्या एका बोटाने कमी-जास्त करायचा. मळ्यात दोन नारळाच्या झावळ्या टाकल्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा. वळताना गाडी आत कलते आणि माणूस बाहेर राहतो, बाहेरच्या फूटरेस्टवर वजन, हे मोठ्या गाडीच्या एकदम उलट आहे म्हणून मला सवय मोडावी लागली, मामांना मोडायला सवयच नव्हती. उशिरा सुरू करणाऱ्याचा हा एक खरा फायदा मी बघितला.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ, त्यातही वीस मिनिटं चालवायचं, दहा मिनिटं बांधावर बसायचं. हे डॉक्टरांना विचारून ठरवलं होतं. उभ्याने सतत गुडघे वाकवून हळू चालवणं बघायला सोपं वाटतं पण घाम मोटोक्रॉससारखा येतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो सुकत नाही. मामा तांब्या भरून कोकम सरबत मीठ घालून न्यायचे. दमलेल्या माणसाचा पाय आधी टेकतो आणि मग तोल जातो, म्हणून मी नियम केला की सलग तीनदा पाय टेकला की थांबायचं, कितीही वाजले असोत. डाव्या गुडघ्यासाठी हँडल अजून एक इंच वर घेतलं, म्हणजे कमी वाकावं लागतं, त्याने दुखणं बरंच कमी झालं.

फेब्रुवारीच्या शेवटी अपघात झाला, तो सविस्तर सांगतो कारण त्यातली प्रत्येक चूक टाळता येण्यासारखी होती. तोपर्यंत मामा बांध चढायला लागले होते, आडवा टाकलेला एक चिरा, साधारण वीतभर, तोही जमायला लागला होता. मी त्या रविवारी उत्साहात म्हटलं आता पाखाडी करू. घरामागची पाखाडी, चिऱ्याच्या पाच पायऱ्या. पायऱ्या चिऱ्याएवढ्याच उंच पण एकामागोमाग एक, म्हणजे पहिली चढून तोल सावरायच्या आत दुसरी येते, हा विचार मी केला नाही. वरून सावलीतली पाखाडी, दवाने ओली, जांभ्यावर शेवाळ. मामा तिसऱ्या पायरीवर मागे झुकले, झुकताना उजवा हात हँडलला लटकला आणि थ्रॉटल पूर्ण उघडला. गाडी त्यांच्या हातातून सुटून गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढली आणि तिथे इंजिन ओरडत राहिलं. मामा खाली, उजवा घोटा वाकडा. पायात गमबूट होते. एक्सरे काढला, हाड मोडलं नव्हतं, पण घोटा सुजून एवढा झाला आणि तीन आठवडे घरात. मामी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. एक, मनगटाला दोरी आणि दोरीला किल स्विच, माणूस गाडीपासून वेगळा झाला की इंजिन बंद. ट्रायल्सच्या स्पर्धांमधे ही दोरी सक्तीची असते आणि मी ती पहिल्या दिवसापासून लावायला पाहिजे होती, पाचशे रुपयाचं काम. दोन, घोटा धरणारे उंच बूट, गमबूट बंद. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याची कॅप आधीपासून होतीच. तीन, नवीन अडथळा आधी पायी चालायचा, दोघांनी, वरून खाली आणि खालून वर, चाक कुठून जाणार, पाय टाकावा लागला तर कुठे टाकणार, पडलो तर कुठल्या बाजूला पडणार. खेळाडू सेक्शन आधी चालून बघतात ते याच्याचसाठी.

एप्रिल-मे आंब्यात गेले, गाडीकडे बघायला वेळ नाही. पावसात गाडी मांगरात. मामांना वाटत होतं सड्यावर जाऊ, तिथे मोकळं आहे, पण यावर आम्ही दोघंही लगेच एकमत झालो. पावसाळ्याच्या शेवटी कातळावर ती बारीक बारीक फुलं येतात, निळी-जांभळी, पांढरी, ती चाकाखाली घालायची नाहीत. आणि आमच्या तालुक्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती तर १८ मीटर लांबीचा आहे, कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. मातीखाली अजून कुठे काय कोरलेलं आहे हे कुणालाच पूर्ण माहीत नाही, जांभा मऊ दगड आहे, दातेरी टायर फिरला की रेघ उमटते. सड्यावर गाडी न्यायचीच नाही. समुद्राच्या पुळणीवरही नाही, आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वाळूत चाकाच्या खोल रेघा पडल्या की पिल्लं त्यात अडकून पाण्यापर्यंत पोचत नाहीत. बाहेरून येऊन पुळणीवर गाड्या फिरवणारे बघितले की मला फार राग येतो. मळे आहेत, स्वतःचा काजूचा उतार आहे, तेवढ्यात वर्षानुवर्षं शिकता येतं.

दसऱ्यानंतर काजूच्या उतारावर आम्ही दहा सेक्शन आखले, जुन्या साडीच्या पट्ट्या झाडांना बांधून. एक वहाळातला, त्यात गोल धोंडे आणि करंगळीएवढं पाणी. एक दोन काजूंच्या मधून उतार तिरका कापत जाणारा, तो दिसायला साधा आणि सगळ्यात अवघड. पाखाडीच्या खालच्या दोन पायऱ्या, फक्त दोन, आणि ऊन लागून सुकल्यावरच. मामा गुण कॅलेंडरच्या मागे लिहितात, जन्मभर रजिस्टर भरल्यामुळे अक्षर सुंदर. पहिल्या दिवशी ५० पैकी ३८. दुसऱ्या आठवड्यात ४१, कारण आदल्या रात्री पाऊस झाला होता. मग ३३, २९, २९, २४. गेल्या रविवारी १७, आणि त्यात चार सेक्शन क्लीन.

आता त्या गाडीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर ती खरी ट्रायल्सची गाडी नाही आणि होणारही नाही. खऱ्या गाडीपेक्षा वीस किलो जड आहे. पुढचा ड्रम ब्रेक एका बोटात उतारावर गाडी धरत नाही, दोन बोटं लागतात, मग ग्रिप सुटतो. हँडल तेवढं वळत नाही, आम्ही छोट्या टाकीमुळे थोडं वाढवू शकलो पण फ्रेमचे स्टॉपर घासायला मी नकार दिला. उंच, ८० किलोच्या माणसाला हे मागचे शॉक पहिल्याच महिन्यात बसतील. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि कागद पूर्ण असलेली गाडी मिळतेय त्याने तीच घ्यावी, छोटी किंवा मऊ इंजिनची, ३०० सीसी अजिबात नको, थ्रॉटल चुकून उघडला तर ३०० सीसी माणसाला विचारत नाही. पण मामांसाठी, त्यांच्या उंचीला, त्यांच्या पेन्शनला, भाताच्या मळ्याला, मी परत हीच गाडी निवडेन. फोर-स्ट्रोक असल्यामुळे उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ते या वयात फार आधाराचं आहे. पार्ट राजापुरात कुठल्याही दुकानात मिळतात. आणि वर्षभरात ती अंदाजे दीडशे वेळा तरी पडली असेल, दर वेळी मामांनीच उचलली.

परवा फोनवर म्हणत होते, डावीकडचा पूर्ण वळसा आता पाय न टेकता होतो, वहाळातल्या फणसाभोवतीसुद्धा. उजवीकडचा अजून होत नाही, उजवीकडे वळताना डावं कोपर सरळ होतं आणि क्लचवरचं बोट निसटतं. मी म्हटलं शनिवारी येतो, बघू. तर म्हणाले ये, पण येताना क्लचची एक केबल घेऊन ये, आणि मामीने सांगितलंय की नाचणी केलेल्या कोपऱ्यात यंदा कुळीथ टाकलाय, त्या बाजूला जायचं नाही.